रिफ्लेक्स : एका शब्दाची उलटतपासणी

काही शब्द आपण वर्गात इतक्या सहजपणे वापरतो, की ते तपासून पाहण्याची गरजच वाटत नाही. ‘रिफ्लेक्स’ हा असाच एक शब्द. जीवशास्त्राच्या तासाला तो ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणून येतो. भूमितीत ‘प्रविशाल कोन’ या नावाने तो वावरतो, पण तेथे त्याला कोणी ओळखत नाही. क्रिकेटचा समालोचक ‘काय रिफ्लेक्सेस आहेत!’ असे उद्गारतो, तर डॉक्टर गुडघ्यावर छोटी हातोडी मारून ‘रिफ्लेक्स ठीक आहेत’ असे सांगतात. शिवाय ‘मारायचे नव्हते हो, पण हात उठला’ असे म्हणणारा पालक किंवा शिक्षकही, शब्द न उच्चारता, याच कल्पनेचा आधार घेत असतो.

या लेखात आम्ही या शब्दाचे निरनिराळे अर्थ आणि उपयोग तपासणार आहोत. हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नाही. एखाद्या कृतीला ‘प्रतिक्षिप्त’ म्हटले, की ती कृती शिकलेली आहे की उपजत, ती बदलता येईल का आणि तिची जबाबदारी कोणाची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपण नकळत देऊन मोकळे होतो. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी परिसरातले वर्ग डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. उदाहरणेही शक्यतो तेथलीच घेतली आहेत.

मूळ एक, नावे अनेक

‘रिफ्लेक्स’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘रे’ म्हणजे मागे, आणि ‘फ्लेक्टेरे’ म्हणजे वाकवणे. ‘मागे वळवलेले’ हा या शब्दाचा गाभा. एवढे ध्यानात घेतले, की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात. आरशावर पडलेला प्रकाश मागे वळतो, ते परावर्तन. रिफ्लेक्स कॅमेऱ्यात भिंगामागे ४५ अंशांत बसवलेला आरसा प्रकाश वर वळवतो आणि छायाचित्रकाराला नेमके तेच दृश्य दिसते, जे भिंगाला दिसते. १८० अंशांपेक्षा मोठ्या कोनात एक भुजा सरळ रेषेच्याही पलीकडे, मागे वळलेली असते. व्याकरणात क्रिया कर्त्याकडेच वळते तेव्हा आपण ‘स्वतः’, ‘आपण’ ही आत्मवाचक सर्वनामे वापरतो. शरीरात बाहेरून आलेली संवेदना मेरुरज्जूपर्यंत जाऊन तेथूनच स्नायूंकडे वळवली जाते, ती प्रतिक्षिप्त क्रिया.

मराठीने यातल्या प्रत्येक अर्थासाठी वेगळा शब्द घडवला. हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘प्रतिवर्ती क्रिया’ आणि ‘प्रतिवर्ती कोण’ अशी एकाच घराण्यातली नावे आढळतात. आपण मात्र कोनाला ‘प्रविशाल’ म्हणतो. कोनाच्या दृष्टीने आपला शब्द अधिक सोयीचा आहे, असे आमचे मत आहे. लघुकोन, काटकोन, विशालकोन आणि मग प्रविशाल कोन अशी चढती पायरी मुलांना लगेच समजते. मात्र त्यात वळण्याची कल्पना हरवली आणि या दोन गोष्टींचे नाते विद्यार्थ्याला दिसेनासे झाले. शब्द घडवताना काही मिळते, काही गमवावे लागते. शिक्षकाने गमावलेले तेवढे तोंडी सांगावे, म्हणजे हिशेब पूर्ण होतो.

एका सावध सूचनेची येथे गरज आहे. पोटातले आम्ल घशाशी येते, त्याला डॉक्टर ‘रिफ्लक्स’ म्हणतात. हा शब्द ‘मागे वाहणे’ या अर्थाचा असून त्याचे मूळ वेगळे आहे. तळपायावरचे बिंदू दाबून निरनिराळ्या अवयवांचे रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या ‘रिफ्लेक्सॉलॉजी’ने नाव तर हेच घेतले आहे. परंतु तळव्यावरचा अमुक बिंदू आणि यकृत किंवा मूत्रपिंड यांना जोडणारा तसा चेतामार्ग कोणी दाखवून दिलेला नाही. शास्त्रातले नाव उसने घेतल्याने शास्त्र येत नाही.

भाषेतला रिफ्लेक्स आणि आपला ‘डोरा’

भाषाशास्त्रातही हा शब्द आहे आणि तो शिक्षकांच्या फार उपयोगाचा आहे. जुन्या भाषेतील एखादा शब्द किंवा ध्वनी नियमाने बदलत पुढच्या भाषेत ज्या रूपाने उतरतो, त्या रूपाला भाषाशास्त्रज्ञ ‘रिफ्लेक्स’ म्हणतात. संस्कृत ‘हस्त’चा मराठीतील रिफ्लेक्स ‘हात’, ‘सप्त’चा ‘सात’, ‘कर्म’चा ‘काम’. जोडाक्षर सुटले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला, हा नियम तिन्ही ठिकाणी एकच आहे. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मराठीच्या अशा बदलांचा पद्धतशीर मागोवा घेतला होता.

आता दिघोरीकडे येऊ. हा झाडीबोलीचा मुलूख. प्राकृतातल्या ‘डोल’ या शब्दापासून प्रमाण मराठीत ‘डोळा’ झाला, वऱ्हाडीत ‘डोया’ ऐकू येतो आणि झाडीबोलीत ‘डोरा’. प्रमाण मराठीच्या ‘ळ’च्या जागी झाडीबोलीत ‘र’ येतो आणि ‘ण’च्या जागी ‘न’. मुलाने वर्गात ‘डोरा’ म्हटले की पुष्कळदा त्याला ‘अशुद्ध बोलू नकोस’ असे ऐकावे लागते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर डोळा, डोया आणि डोरा ही एकाच पूर्वजाची तीन नियमबद्ध वंशजे आहेत. प्रमाण लेखनासाठी ‘डोळा’ शिकवावाच लागेल. पण ‘डोरा’ ही जिभेची चूक आहे असे सांगणे शास्त्राला धरून होणार नाही.

‘प्रतिक्षिप्त’ : गुण आणि दोष

आता मुख्य अर्थाकडे वळू. ‘प्रतिक्षिप्त’ या शब्दात ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे हा धातू आहे. प्रक्षेपण, आक्षेप, संक्षेप हे याच धातूचे शब्द. प्रतिक्षिप्त म्हणजे ‘उलट फेकलेले’. मराठी विश्वकोश ‘प्रतिक्षेपी क्रिया’ म्हणतो, पाठ्यपुस्तके ‘प्रतिक्षिप्त क्रिया’. दोन्हींतला गाभा एकच आणि तो मूळ कल्पनेशी प्रामाणिक आहे, हा या शब्दाचा गुण.

दोष उच्चारातला नाही, शेजारचा आहे. ‘प्रतिक्रिया’ हा शब्द इतका जवळ आहे, की विद्यार्थी दोन्हींत गल्लत करतात. प्रत्येक प्रतिक्षिप्त क्रिया ही प्रतिक्रिया असते, पण प्रत्येक झटपट प्रतिक्रिया प्रतिक्षिप्त नसते. ही गल्लत मार्गदर्शकांमधल्या ‘विचार न करता झटकन केलेली कृती म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया’ अशा व्याख्यांमुळे पक्की होते. वेग हे प्रतिक्षिप्त क्रियेचे एक लक्षण आहे. तिची व्याख्या वेगाने होत नाही, मार्गाने होते.

हा मार्ग शोधायला माणसाला बराच काळ लागला. आगीजवळ गेलेला पाय मागे कसा येतो, याचे यांत्रिक स्पष्टीकरण देकार्तच्या १६६२ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, छापल्या गेलेल्या ग्रंथात आहे. मात्र त्याच्या कल्पनेत संदेश मेंदूपर्यंत जाऊन परततो. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या रॉबर्ट व्हाइटने दाखवले, की बेडकाचा मेंदू काढला तरी त्वचेला टोचल्यावर पाय हलतो, पण मेरुरज्जू नष्ट केला की हालचाल थांबते. १८३३ मध्ये मार्शल हॉलने या कार्याला ‘रिफ्लेक्स’ हे नाव देऊन ते रूढ केले. पुढे चार्ल्स शेरिंग्टनने या क्रियांचा जो सखोल अभ्यास केला, तो १९०६ च्या त्याच्या ग्रंथात आहे. १९३२ चे नोबेल पारितोषिक त्याला एड्गर एड्रियनबरोबर मिळाले.

शेरिंग्टनचे एक मत पाठ्यपुस्तकांच्या आकृतीशेजारी नेहमी लिहून ठेवण्यासारखे आहे. चेतासंस्थेचे सगळे भाग एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे पूर्णपणे सुटा, साधा रिफ्लेक्स ही अभ्यासाच्या सोयीची कल्पना आहे, असे तो सांगतो.

बांधीतला काटा

पाठ्यपुस्तकातले ठरलेले उदाहरण म्हणजे गरम भांडे आणि मागे घेतलेला हात. आकृतीत संवेदी चेतापेशी, सहयोगी चेतापेशी आणि प्रेरक चेतापेशी अशी साखळी असते. मेंदू कोठेच नसतो. मग विद्यार्थी पाठ करतात : ‘प्रतिक्षिप्त क्रियेत मेंदूचा संबंध नसतो.’

या उदाहरणाऐवजी आपल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले उदाहरण घ्यावे. रोवणीचे दिवस आहेत. चिखलाने भरलेल्या बांधीत पऱ्ह्यांची जुडी घेऊन बाई चालली आहे आणि उजव्या पायाखाली काटा येतो. उजवा पाय तत्काळ वर उचलला जातो. पण एवढेच झाले असते तर ती चिखलात कोसळली असती. त्याच क्षणी डाव्या पायाचे स्नायू ताठ होतात आणि शरीराचा सगळा भार पेलतात. उजव्या पायात वाकवणारे स्नायू आकुंचन पावत असताना त्यांच्या विरोधातले, पाय सरळ करणारे स्नायू सैल सोडले जातात. म्हणजे एका काट्याने दोन्ही पायांच्या स्नायूंना वेगवेगळे आदेश मिळाले, आणि हे सगळे मेरुरज्जूच्या पातळीवर झाले. आकृतीतल्या एका रेषेपेक्षा हे चित्र कितीतरी समृद्ध आहे.

मेंदूचे काय? त्यालाही संदेश जातो, पण तो पोहोचून वेदना जाणवेपर्यंत पाय वर गेलेला असतो. त्यानंतर ती ‘अगं आई’ म्हणते, खाली पाहते, धुऱ्यावर जाऊन काटा काढते. या कृती प्रतिक्षिप्त नाहीत. शिवाय मेंदू आधीच कामाला लागलेला असेल, तर तो प्रतिक्षेपाला आवरही घालू शकतो. सुई टोचणार हे माहीत असल्यावर आपण दंड स्थिर धरतो. उकळत्या चहाचे पातेले हातात असेल आणि पायाशी मूल खेळत असेल, तर आई चटका सोसून ते ओट्यापर्यंत नेते. नवजात बाळाच्या तळव्यावर कडेने रेघ ओढली, की पायाचा अंगठा वर उठतो. निरोगी मोठ्या माणसात तो खाली वळतो. बाबिन्स्कीने १८९६ मध्ये दाखवले, की मेंदूकडून येणाऱ्या मार्गाला इजा झाल्यास मोठ्या माणसातही अंगठा पुन्हा वर उठतो. मेंदूचा संबंधच नसता, तर असे झाले नसते.

म्हणून वाक्य असे दुरुस्त करावे : प्रतिक्षिप्त क्रिया घडण्यासाठी मेंदूच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही, पण मेंदू तिच्यावर प्रभाव पाडू शकतो. या वाक्यातही एक मर्यादा घालावी लागते. प्रकाश पडल्यावर डोळ्याची बाहुली लहान होते, त्या प्रतिक्षेपाचा मार्ग मेंदूच्या खालच्या भागातून, मस्तिष्कस्तंभातून जातो. तेथे ‘मेंदूचा आदेश’ याऐवजी ‘इच्छा’ म्हणणे अधिक अचूक ठरेल.

पट्टीचा प्रयोग कशाचा?

विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग हमखास असतो. एकाने ३० सेंमीची पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने खाली दोन बोटे उघडी ठेवायची, पट्टी सोडली की पकडायची. फलकावर लिहिलेले असते : ‘तुमचे रिफ्लेक्स तपासा.’ प्रयोग उत्तम आहे, नाव चुकीचे आहे.

गणित करून पाहू. पट्टी २० सेंमी घसरल्यावर पकडली, तर त्यासाठी लागलेला वेळ दुप्पट अंतर भागिले गुरुत्वत्वरण, आणि त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.२ सेकंद. एवढ्या वेळात डोळ्याने पाहिले, मेंदूने जाणले, ठरवले आणि बोटांना आज्ञा दिली. याला प्रतिसादकाल म्हणावे. गुडघ्याच्या झटक्यात हातोडी पडल्यापासून स्नायूत विद्युत बदल दिसू लागेपर्यंत सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढाच वेळ जातो. पट्टी ०.०५ सेकंदात पकडायची तर ती जेमतेम १.२ सेंमी घसरायला हवी. सोडणाऱ्याचा अंदाज घेऊन आधीच बोटे मिटल्याखेरीज असा झेल कोणालाच साधणार नाही.

क्रिकेटचेही तसेच. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे १७.७ मीटर अंतर साधारण ०.४५ सेकंदात कापतो. त्या वेळात खेळलेला फटका गोलंदाजाच्या हाताकडे, मनगटाकडे पाहून बांधलेल्या अंदाजावर आणि हजारो चेंडूंच्या सरावावर उभा असतो. त्याला ‘रिफ्लेक्स’ म्हणणे म्हणजे खेळाडूच्या मेहनतीचे श्रेय त्याच्या मेरुरज्जूला देणे होय. वर्गातल्या मुलालाही यातून चुकीचा धडा मिळतो, की असे कौशल्य उपजतच असावे लागते. पाढ्यांच्या बाबतीतही हेच. ‘सात आठे छप्पन्न’ झटकन ओठांवर येते, ती सवय आहे. सवय शिकावी लागते आणि चुकीची पडली तर मोडताही येते.

पावलॉव्ह आणि ‘सशर्त’

शिकलेल्या गोष्टींना रिफ्लेक्स म्हणण्याचा मान ज्याने मिळवून दिला, तो इव्हान पावलॉव्ह. त्याला १९०४ चे नोबेल पारितोषिक पचनक्रियेच्या संशोधनासाठी मिळाले होते. कुत्र्याच्या तोंडात अन्न आले की लाळ सुटते, हा उपजत प्रतिक्षेप. अन्नाआधी नेहमी एखादा आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. पावलॉव्हने यासाठी वापरलेल्या रशियन विशेषणाचा अर्थ ‘शर्तीवर अवलंबून असलेला’ असा आहे. इंग्रजीत जाताना त्याला ‘घडवून पक्का केलेला’ अशी छटा आली आणि तीच जगभर पसरली. मराठी मानसशास्त्रात या शिकण्याला ‘अभिसंधान’ म्हणतात. आम्हाला येथे साधा ‘सशर्त’ शब्द अधिक बोलका वाटतो, कारण मुख्य मुद्दा तोच सांगतो. आवाज होत राहिला आणि अन्न येईनासे झाले, तर लाळही हळूहळू थांबते. शर्त सुटली की प्रतिक्षेप ओसरतो.

‘शिंक आली’ आणि ‘हात उठला’

मराठी बोलणाऱ्या मुलाला अनैच्छिक क्रियांची जाण शाळेत येण्यापूर्वीच असते. ती त्याच्या व्याकरणात आहे. आपण ‘मी पाणी प्यालो’ म्हणतो, पण ‘मला शिंक आली’, ‘मला ठसका लागला’, ‘उचकी लागली’ असे म्हणतो. शिंक येणारी आहे, मी फक्त तिचे ठिकाण आहे. ‘मी पाय उचलला’ आणि ‘पाय उचलला गेला’ यांतला फरक कोणत्याही मुलाला विचारावा, तो अचूक सांगेल. प्रतिक्षिप्त क्रियेचा धडा सुरू करण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

मात्र भाषा जशी वाट दाखवते, तशी चकवतेही. ‘राग आला’, ‘तोंडातून निघून गेले’, ‘हात उठला’ ही वाक्येही त्याच घडणीची आहेत. म्हणून मुलावर उगारलेला हात शिंकेसारखाच आपोआप आलेला वाटतो. शरीरशास्त्र याला दुजोरा देत नाही. समोर मूल आहे, ते कोणाचे आहे, त्याने काय केले, आपण त्याच्यापेक्षा बलवान आहोत, हे सगळे जाणल्यावरच तो हात उठतो. वरिष्ठ अधिकारी कितीही बोलले तरी त्यांच्यावर तो उठत नाही. काटा कोणाचा आहे हे पाहून पाय मागे येत नाही. जी कृती माणूस पाहून घडते, ती प्रतिक्षिप्त नव्हे. ती सवय आहे, आणि सवयीची जबाबदारी घ्यावी लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, ती याच समजुतीवर की हा हात आवरता येतो.

आता दुसरी बाजू पाहा. शिक्षकाने खडू घेण्यासाठी हात वर केला आणि पहिल्या बाकावरचे मूल डोळे मिटून मागे सरकले. ‘रिफ्लेक्स आहे’ म्हणून आपण हे सोडून देतो. डोळ्याच्या पारदर्शक पटलाला काही लागले की पापणी मिटते, हा प्रतिक्षेप जन्मापासून असतो. डोळ्यांवर झेपावणारी वस्तू पाहून पापणी मिटणे मात्र काही महिन्यांच्या वयानंतर, पाहण्याचा अनुभव जमल्यावर येते. आणि नुसता वर गेलेला हात पाहून अंग चोरणे, हे तर त्याहून पुढचे शिक्षण आहे. ते मूल हे कोठेतरी शिकले आहे. पावलॉव्हच्या भाषेत तेथे एक शर्त आहे : हात वर गेला, की मार बसतो. तो प्रतिसाद त्या मुलाच्या स्वभावाची नोंद नाही, त्याच्या आजवरच्या अनुभवाची नोंद आहे. शर्त सुटली तर तो ओसरण्याची आशाही आहे.

वर्गासाठी तीन प्रश्न

धडा संपल्यावर मुलांपुढे दहा-बारा कृती ठेवाव्यात : शिंक, गुडघ्याचा झटका, बाहुलीचे आकुंचन, चिंच पाहून सुटलेली लाळ, झेल, सायकलचा ब्रेक दाबणे, पाढा म्हणणे, घंटा झाल्यावर दप्तर आवरणे, रागाने फेकलेली वही. प्रत्येकीला तीन प्रश्न विचारावेत. ही कृती न शिकता येते का? समोर कोणीही असले तरी ती तशीच घडते का? जाणीव होण्यापूर्वी ती घडून गेलेली असते का? तिन्हींना ‘होय’ असेल तेथे ‘प्रतिक्षिप्त’ हा शब्द बिनधास्त वापरावा. एकाही ठिकाणी ‘नाही’ आले, तर सवय, कौशल्य, सशर्त प्रतिसाद किंवा निव्वळ इच्छा यांपैकी योग्य नाव शोधावे. काही कृती सीमारेषेवर रेंगाळतील. चिंचेवरून वाद होऊ द्यावा, कारण चिंच कधीच न चाखलेल्या माणसाला ती पाहून लाळ सुटेल का, हा प्रश्न मुलांना पावलॉव्हच्या दारापर्यंत आपोआप घेऊन जातो.